सलग वाट : पुण्याच्या टेकड्यांवरची धावती चाळीस वर्षं

चालायला येणाऱ्याला टेकडीची उंची पुरते. वर चढायचं, देवळाशी थोडं टेकायचं आणि उतरायचं. पळणाऱ्याला मात्र टेकडी लांबीला हवी असते. डांबराला पाय न लावता, मागून येणाऱ्या गाडीकडे कान न ठेवता किती अंतर जाता येतं, हा त्याचा प्रश्न असतो. पुण्याच्या टेकड्यांचा गेल्या चाळीस वर्षांचा काळ मी याच प्रश्नावरून पाहतो. किती हेक्टर हिरवं राहिलं हे नकाशा सांगतो. ते हिरवं एकसंध आहे की त्याचे तुकडे पडलेत, हे पायांना आधी कळतं.

सुरुवात १९८३ पासून करणं योग्य. त्या वर्षी पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. तोवर लांब पल्ल्याचं पळणं हे लष्करातले जवान, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं आणि कॉलेजच्या संघांतले खेळाडू यांच्यापुरतंच होतं. मॅरेथॉनने ते रस्त्यावर आणलं, घरांच्या खिडक्यांसमोर आणलं. बँकेत नोकरी करणारा, शाळेत शिकवणारा माणूसही आपण पळून पाहावं असं म्हणू लागला. सरावासाठी त्याला मैदान अपुरं पडे आणि रस्ता नकोसा वाटे. मग तो टेकडीकडे वळला.

टेकडी तेव्हा शहराच्या कडेला होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यानंतर पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतींनी शहर टेकड्यांच्या पायथ्याशी नेऊन टेकवलं. पुढे कोथरूड वाढलं, पाषाण वाढलं, बाणेर आणि बावधनही वाढले. कडेला असलेली टेकडी बघता बघता मध्यभागी आली. तिच्याकडे जायला पूर्वी शहराबाहेर पडावं लागे. आता सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडलं की चढ सुरू होतो. टेकड्यांवर पळणारे वाढले ते या जवळिकीमुळे आणि टेकड्यांवरचं संकट वाढलं तेही याच जवळिकीमुळे.

या सगळ्या टेकड्यांत वेताळ टेकडीचं स्थान वेगळं. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा हा माथा म्हणजे पुणे शहरातला सर्वांत उंच भाग. शहर साधारण ५६० मीटरवर वसलेलं, म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत पळताना छातीचा चांगला कस लागतो. पण तिचं खरं वैभव माथ्यावरच्या पठारात आहे. लॉ कॉलेजच्या मागून वर यावं, वेताळाच्या देवळापर्यंत जावं, जुन्या दगडाच्या खाणीला वळसा घालावा, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या कुंपणाच्या कडेने पुढे निघावं आणि पंचवटीच्या, पाषाणच्या अंगाला उतरावं. ही वाट कोणी आखलेली नाही. तिच्याखालची काही जमीन इंडियन लॉ सोसायटीची, काही वनखात्याची भांबुर्डा वनविहाराची, काही महापालिकेची, तर काही खासगी. पळणारा एका सकाळी या सगळ्या सातबाऱ्यांवरून जातो आणि त्याला एकच टेकडी भेटते. मोर, मुंगूस आणि सापांनाही ती एकच भेटते.

या वाटेचा पृष्ठभाग हे तिचं दुसरं वैभव. खाली बेसॉल्टचा कातळ, त्यावर मुरूम आणि थोडी माती. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मुरूम घट्ट बसतो तेव्हा पाऊल छान पडतं. त्याच दिवसांत झाडीतून नवरंगाची शीळ ऐकू येते. श्रावणात उघड्या कातळावर शेवाळ धरतं आणि उतारावर प्रत्येक पाऊल पाहून टाकावं लागतं. दिवाळीच्या सुमारास गवत कमरेपर्यंत येऊन सोनेरी पडतं आणि मोज्यांत कुसळं भरतात. फेब्रुवारीत पानगळ झालेल्या गणेरीला पिवळीधमक फुलं येतात. मग वणव्यांचे दिवस येतात. वनखातं गवत काढून जाळरेषा आखतं आणि पुढचे काही महिने याच जाळरेषा आमच्या पळायच्या वाटा होतात. सपाट रस्त्यावर एकसारखं पळणाऱ्याचा घोटा आणि गुडघा एकाच पद्धतीने झिजतो. टेकडीवर दर पावलाला कोन बदलतो, त्यामुळे घोट्याभोवतीचे लहान स्नायूही कामाला लागतात. म्हणूनच शर्यत डांबरावरची असली तरी जाणते प्रशिक्षक सरावासाठी मुलांना टेकडीवर पाठवत आले.

१९८७ च्या विकास आराखड्यात डोंगरमाथा आणि डोंगरउतार यांना बांधकामापासून संरक्षण मिळालं. त्या वेळी पळणाऱ्यांपैकी फार थोड्यांचं तिकडे लक्ष गेलं असेल. आज मागे पाहताना कळतं की ते संरक्षण नसतं तर कोथरूडच्या बाजूने इमारती माथ्याला भिडल्या असत्या. १९९७ मध्ये भोवतालची गावं महापालिकेत आली आणि त्यांच्यासोबत बाणेर, बावधन, वारज्यापासून धायरीपर्यंतच्या टेकड्या शहराच्या हद्दीत आल्या. त्यांतल्या सुमारे ९७८ हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण टाकावं, हा विषय पुढे वर्षानुवर्षं गाजला. माजी महापौर वंदना चव्हाण यांनी ग्रीन पुणे चळवळीतून त्यासाठी नागरिकांना उभं केलं. राज्य सरकारने या आरक्षणाला मान्यता दिली ती २०१५ मध्ये. इतका काळ जाण्याचं कारण उघड आहे. यातली बरीच जमीन खासगी होती, मालकांना मोबदला काय द्यायचा हे ठरत नव्हतं आणि जमिनीचे भाव दरवर्षी चढत होते. मान्यतेनंतरही भूसंपादन रखडलं. आरक्षण कागदावर आलं की टेकडी वाचली, असं समजण्याचं कारण नाही. मधल्या वर्षांत उतार पोखरून शेड उभ्या राहिल्या आणि राडारोड्याचे ट्रक रिते झाले. पळणाऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ सरळ होता : काल जिथून जाता येत होतं तिथे आज पत्र्याचं कुंपण लागलं.

या काळात टेकड्या हिरव्या करण्याचे प्रयत्नही झाले. अनेक गटांनी रविवारी सकाळी कॅन भरून पाणी वर वाहिलं आणि रोपं जगवली. त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. पण मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं ते गिरिपुष्प. ते भराभर वाढतं, गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत आणि कमी पाण्यावर तगतं, हे त्याच्या पसंतीचं कारण. त्याच्या दाट सावलीखाली गवत मात्र मागे हटलं. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताळ. त्यांवर सालई, मोई, धावडा, मेडशिंगी अशी विखुरलेली झाडं आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत चंडोल, टिटवी, तित्तिर. प्रकाश गोळे आणि त्यांनी १९८२ मध्ये स्थापलेली इकॉलॉजिकल सोसायटी निसर्गाच्या पुनरुज्जीवनाचा विचार याच शहरात मांडत होते. झाडं लावण्याआधी जागा मुळात कशी होती ते पाहा, हा त्या विचाराचा गाभा. तो टेकड्यांवर पुरेसा उतरला नाही. पाणी अडवण्यासाठी खणलेल्या सलग समतल चरांबद्दलही हेच म्हणता येईल. उघड्या, झिजलेल्या उतारावर ते उपयोगी असतात, पण जिथे चांगलं गवत आधीच माती धरून आहे तिथे खणल्याने नुकसानच जास्त होतं.

२००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि नंतरच्या दशकात पळण्याचं रूपच पालटलं. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारे तरुण, पन्नाशी ओलांडलेले डॉक्टर आणि मुलांना शाळेत सोडून आलेल्या आया टेकडीवर दिसू लागल्या. २०१२ मध्ये साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढायचा तर पुण्याच्या सपाट रस्त्यांवर तयारी होत नाही. त्या सरावासाठी वेताळ व तळजाई टेकड्या आणि सिंहगडाची वाट यांना नवी गर्दी मिळाली. या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो बायकांचा सहभाग. पहिल्या काळात टेकडीवर एकटीने पळणारी बाई क्वचित दिसे. आज ती दिसते, तरी अंधारात जाताना ती सोबत शोधते, कारण टेकड्यांवर लूटमारीचे आणि त्रासाचे प्रकार घडले आहेत. त्यावर साऱ्या टेकडीवर दिवे लावा, अशी मागणी होते. पण रात्री जंगलाला अंधार लागतोच. दिवे पायथ्याच्या वाटांवर असावेत आणि माथ्यावर पहाटे-संध्याकाळी नियमित गस्त असावी, हा तोडगा बायकांच्याही भल्याचा आहे आणि टेकडीच्याही.

२०२० मध्ये टाळेबंदीत टेकड्या माणसांना बंद झाल्या. पुन्हा उघडल्यावर जी गर्दी झाली तिने एक गोष्ट सिद्ध केली : तिकीट न काढता, पावती न फाडता मोकळा श्वास घेता येईल अशी जागा शहराला हवी असते आणि पुण्यात ती टेकडीच आहे. त्याच गर्दीने पायवाटा रुंद झाल्या. वळणावरचा आडवा रस्ता टाळून सरळ उतरणाऱ्यांच्या पायांनी नव्या घळी पडल्या आणि पावसाळ्यात त्यांतून माती वाहून गेली. याचा वाटा पळणाऱ्यांचाही आहे. स्पर्धांच्या खुणेच्या फिती झाडांना तशाच लटकत राहतात, एनर्जी जेलची रिकामी पाकिटं गवतात पडतात. काही जण वाट सिमेंटची करा असंही मागतात. तसं झालं तर पळायला येण्याचं कारणच संपेल.

एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी मोर्चा निघाला. पौड फाटा ते बालभारती हा कित्येक दशकं कागदावर येत-जात राहिलेला रस्ता आणि त्याच्या जोडीला टेकडीखालून बोगदे, असा प्रस्ताव होता. मोर्चात आजी-आजोबा होते, लहान मुलं होती आणि पळायचे बूट घातलेले पुष्कळ लोक होते. रस्त्याची बाजू मांडणारे म्हणतात, टेकडीचा थोडाच भाग जाईल. हा युक्तिवाद क्षेत्रफळाचा आहे. रस्ता जागा थोडी घेतो, पण दोन बाजू एकमेकींपासून तोडतो. याचं उदाहरण पुण्यात समोर आहे. फर्ग्युसन कॉलेजमागची हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी यांच्या मधून आज सेनापती बापट रस्ता वाहतो. दोन्ही टेकड्या हिरव्या आहेत, दोन्हींवर लोक चालतात, पण एकीवरून दुसरीवर मोर चालत जाऊ शकत नाही आणि पळणाऱ्याला सिग्नलला थांबावं लागतं. हनुमान टेकडी लहान राहिली ती अशी चारी बाजूंनी बांधली गेल्यामुळे. बोगद्याने माथा शाबूत राहील असं सांगितलं जातं. पण बोगद्याला तोंडं असतात, तोंडांना जोडरस्ते असतात. शिवाय टेकडीवर पडलेलं पाणी ज्या बेसॉल्टच्या भेगांतून मुरतं आणि पायथ्याच्या विहिरी-बोअरपर्यंत पोचतं, तो बेसॉल्टच बोगद्यात फोडला जातो.

चाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर कायद्याने नकाशावर टेकड्यांना हिरवा रंग दिला आणि रोज वर जाणाऱ्या माणसांनी त्या रंगाला पाठबळ दिलं. दोन्ही लागलं. ज्या टेकडीवर माणसं जात नव्हती तिथे आरक्षण असूनही कुंपणं सरकत राहिली. जिथे वाट वापरात होती तिथे कुंपण पडलेलं सकाळीच लक्षात आलं आणि तक्रार गेली.

म्हणून माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. टेकडीशी संबंधित प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात किती झाडं जातील, किती हेक्टर जाईल, यांसोबत एक आकडा सक्तीचा करावा : आज या टेकडीवर सर्वांत लांब सलग वाट किती किलोमीटरची आहे आणि प्रकल्पानंतर ती किती उरेल. हा आकडा कोणालाही पायांनी तपासता येतो, त्यामुळे तो लपवता येणार नाही. दुसरं मागणं पळणाऱ्यांकडे. आराखड्यांवर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा आपल्या वाटेचा नकाशा, अंतर आणि वापराची वेळ लिहून हरकत नोंदवा. हातातलं घड्याळ ही सगळी माहिती आपोआप जमवत असतं, ती महापालिकेच्या टेबलापर्यंत पोचवायची आहे. आज आपण ज्या वाटेवर पळतो ती आधीच्या लोकांनी भांडून राखली म्हणून आहे. पुढची पिढी पळेल तेव्हा तिची लांबी कमी झालेली नसावी, एवढी जबाबदारी आपली आहे.