शंभरातला दुसरा माणूस

१७ जानेवारी २०१७. पोंगल नुकताच उरकला होता. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर, विवेकानंद इल्लमसमोर, सकाळी काही तरुण जमले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंद केलेला जल्लीकट्टू, म्हणजे बैलाला काबूत आणण्याचा तमिळ खेळ, पुन्हा सुरू करा, एवढीच त्यांची मागणी. (त्याच निकालाने आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीही थांबल्या होत्या.) मदुराईजवळच्या अलंगनल्लूरमध्ये आंदोलकांना पोलिसांनी उचलल्याची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. रात्रीपर्यंत वाळूवर हजारो माणसं झाली आणि पुढच्या काही दिवसांत किनारा माणसांनी फुलून गेला. पक्षाचा झेंडा नाही, नेता नाही. पुढारी आले तर पोरं त्यांना जवळ फिरकू देत नव्हती. वाहतूक तीच सांभाळत होती, कचराही तीच उचलत होती.

एवढ्या माणसांना बोलावलं कोणी?

हाच प्रश्न त्याच्या सहा वर्षं आधी अरब देशांनी जगाला घातला होता. १७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातल्या सिदी बुझिद गावी मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं. महिनाही उलटला नाही तोच, १४ जानेवारीला, तेवीस वर्षं सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. २५ जानेवारीला कैरोचा तहरीर चौक भरू लागला. हे येतंय असं भल्याभल्या जाणकारांनाही वाटलं नव्हतं.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली मांडलेलं एक गणित इथे थक्क करतं. शंभर माणसांचं गाव धरा. ‘किती जण उतरले की मी उतरेन’ हा प्रत्येकाचा आकडा वेगळा. पहिल्याचा शून्य, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शंभराव्याचा नव्याण्णव. पहिला एकटाच रस्त्यावर येतो. त्याला पाहून दुसरा, दोघांना पाहून तिसरा, आणि बघता बघता सगळं गाव बाहेर. आता फक्त दुसरा माणूस बदला. त्याचा आकडा एकऐवजी दोन करा. पहिला येतो, इकडेतिकडे बघतो. दुसरं कोणीच हलत नाही. एका गावाची बातमी ‘उठाव’, दुसऱ्याची ‘माथेफिरू’. नव्याण्णव माणसं तीच, संतापही जवळजवळ तेवढाच!

हुकूमशाहीत हा आकडा माणूस तोंडातून काढत नाही. दरबारात जयजयकार करणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते ना शेजाऱ्याला कळतं, ना सरकारला. म्हणून असे उठाव शासनकर्त्यांइतकेच उठणाऱ्यांनाही चकित करतात. चेन्नई म्हणजे कैरो नव्हे. इथे सरकार निवडून आलेलं, भीती कमी, म्हणून आकडेही लहान. तरी पहिल्या रात्री किनाऱ्यावरचे दिवे गेले तेव्हा जे झालं ते कैरोशी नातं सांगणारं होतं. हजारो हातांनी मोबाइलचे टॉर्च पेटवले. आपण किती आहोत हे प्रत्येकाला दिसलं, आणि ते सगळ्यांना दिसतंय हेही दिसलं. इजिप्तच्या सरकारने २८ जानेवारी २०११ रोजी इंटरनेट तोडलं, तेव्हा काय चाललंय हे कळायला घराबाहेर पडण्यावाचून अनेकांना गत्यंतर उरलं नाही. चौक आणखी भरला. ११ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष मुबारक गेले.

पण जी गर्दी कोणी बोलावलेली नसते, तिला घरी पाठवणारंही कोणी नसतं. लोकमान्यांच्या नावाचा टिळक घाट याच मरीनावर. स्वातंत्र्यलढ्यातल्या तिथल्या सभांना वक्ते होते, सभा संपली म्हणणारं कोणीतरी होतं. २०१७ च्या वाळूवर तसं कोणी नव्हतं. २१ जानेवारीला राज्यपाल विद्यासागर राव यांनी जल्लीकट्टूला परवानगी देणारा अध्यादेश काढला (महाराष्ट्राचे राज्यपालही तेव्हा तेच), पण पुष्कळ जण कायमच्या कायद्यासाठी अडून बसले. २३ तारखेला पोलिसांनी किनारा रिकामा करायला घेतला, हिंसाचार उसळला, आइस हाउस पोलीस ठाणं पेटलं. त्याच दिवशी विधानसभेने दुरुस्ती विधेयक मंजूर केलं.

माणसं जमतात कशी, एवढंच ते गणित सांगतं. पदरात काय पडेल ते त्यांच्यामागे कोणत्या संस्था उभ्या आहेत यावर ठरतं. कैरोत जुलै २०१३ मध्ये लष्कराने सत्ता परत घेतली. चेन्नईची मागणी विधानसभेतून न्यायालयात गेली, तिथे वर्षानुवर्षं तावून सुलाखून निघाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडूचा कायदा वैध ठरवला. कर्नाटकाचा आणि महाराष्ट्राचाही. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत आज भिर्रर्र म्हणत सुटणाऱ्या बैलगाड्याला कायद्याचा आधार आहे तो याच निकालाचा.