तार तीच, वेग शंभरपट

२००५ साली बीएसएनएलचं ‘डेटावन’ ब्रॉडबँड आलं, तेव्हा आता घरात नवी तार ओढणार, असंच अनेकांना वाटलं होतं. प्रत्यक्षात खांबावरून आलेली जुनी तांब्याची जोडीच कामाला लागली.

मग डायल-अपच्या दिवसांत हीच जोडी ५६ केबीपीएसवर का रखडायची? ‘तारेची ताकदच तेवढी’ हे उत्तर अजून ऐकू येतं. ते चूक आहे. अडसर एक्स्चेंजमध्ये होता. माणसाचं बोलणं समजायला ३०० ते ३,४०० हर्ट्झ पुरतात, म्हणून फोनची यंत्रणा बाकीचं सगळं गाळून टाकते. उरलेला आवाज ती सेकंदाला ८,००० वेळा मोजते आणि दर वेळी ८ बिट्समध्ये नोंदवते. गुणाकार करा: ६४ हजार बिट्स. मोडेमने कितीही आटापिटा केला तरी याच्या वर जाणं शक्यच नव्हतं.

ब्रॉडबँडमागच्या एडीएसएल तंत्राने या गाळणीलाच वळसा घातला. एक्स्चेंजमध्ये सगळ्या जोड्या एमडीएफ नावाच्या लोखंडी सांगाड्यावर येऊन टेकतात. तिथून स्प्लिटर बोलणं फोनच्या स्विचकडे धाडतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी डीस्लॅम नावाच्या यंत्राकडे. डीस्लॅमच्या एकेका पोर्टवर तुमच्या घरच्या मोडेमचा जोडीदार बसलेला असतो. हे दोघे साधारण २६ ते १,१०४ किलोहर्ट्झचा पट्टा ४.३ किलोहर्ट्झच्या बारीक वाहिन्यांत वाटून घेतात. प्रत्येक वाहिनी तपासून पाहतात. जिथं गोंगाट कमी तिथं जास्त बिट्स लादतात, जिथं फारच आहे ती सोडून देतात. मग डीस्लॅम सगळ्यांचा डेटा एकत्र करून पुढे, बहुधा फायबरवर, ढकलतो. नेट चालू असताना फोनवर बोलता येतं आणि कॉलचं मीटरही पडत नाही, ते या वेगळ्या वाटेमुळेच.

‘शेजारी सिनेमा उतरवतोय, म्हणून माझी लाइन तुंबली’ हीही अर्धवट समजूत. डीस्लॅमपर्यंतची जोडी फक्त तुमची असते. (एकाच केबलमधल्या शेजारच्या जोडीची कुजबुज थोडी झिरपते, एवढंच.) वाटणी सुरू होते डीस्लॅमच्या पुढे आणि संध्याकाळची गर्दी तिथं होते.

‘एक्स्चेंज तर खिडकीतून दिसतं!’ दिसू दे. हिशेब तारेच्या लांबीचा असतो आणि तार गल्लीबोळ फिरून येते. एडीएसएलचे ८ किंवा सुधारित एडीएसएल२+ चे २४ एमबीपीएस हे आखूड, निरोगी तारेवरचे आकडे. तार चार-पाच किलोमीटरची झाली की वरच्या फ्रिक्वेन्सी वाटेतच विरतात. एक-दोन एमबीपीएस मिळाले तरी नशीब. अशा लाइनवर महागडा प्लॅन घेणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं.

तुमच्याकडे अजून अशी जोडणी असेल, तर प्लॅन वाढवण्याआधी एक करा. रिसीव्हर उचला, एक आकडा दाबून डायलटोन घालवा आणि कान देऊन ऐका. खरखर आली तर बहुधा कुठला तरी सांधा गंजलाय. आधी लाइनमनला बोलवा.