डॉप्लर शून्य आला म्हणजे यूजर थांबला का?

रेल्वेत बसलेल्या यूजरचा फोन टॉवरकडे येत असेल, तर टॉवरला त्याच्या सिग्नलची वारंवारता किंचित वाढलेली दिसते; लांब जात असेल तर कमी. हाच डॉप्लर. वेग भागिले तरंगलांबी, एवढंच सूत्र. 3.5 गिगाहर्ट्झवर, सेकंदाला 30 मीटर वेगाने थेट टॉवरकडे येणाऱ्या गाडीसाठी तो 350 हर्ट्झ येतो. करून बघा.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पहिल्या सिम्युलेशनमध्ये मी यूजरला टॉवरभोवती गोल फिरवलं. परावर्तन नाही, सरळ एकच मार्ग. उत्तर आलं शून्य! दोन दिवस कोडमधली चूक शोधत बसलो. चूक नव्हतीच. डॉप्लर फक्त टॉवर आणि यूजर यांना जोडणाऱ्या रेषेवरचा वेग सांगतो, आणि वर्तुळावर ते अंतर बदलतच नाही. दुसरा टॉवर वेगळ्या जागी ठेवल्यावर हालचाल दिसली.

उलटही होतं. फोनच्या ऑसिलेटरमध्ये एक कोटीत एक भाग चूक असली, तरी 3.5 गिगाहर्ट्झवर 350 हर्ट्झचा फरक पडतो. म्हणजे टेबलावरचा फोनही त्या गाडीइतका पळताना दिसेल. एकमेकांशी जुळवलेल्या दोन टॉवरांवरची मापं वजा केली, की दोन्हींत सारखीच असलेली ही चूक निघून जाते.

म्हणून एक सवय लावून घ्या. आपण मोजतो काय आणि आपल्याला हवं काय, यांच्यामध्ये काय काय येतं ते आधी वहीत लिहा. कोड नंतर.