‘अर्थ अनिश्चित’

स्तनाच्या कर्करोगाने आई वा मावशी गमावलेली एखादी स्त्री जनुकांची तपासणी करून घेते आणि हाती पडलेल्या अहवालात कधी कधी एवढेच असते: बदल आढळला, अर्थ अनिश्चित. शस्त्रक्रिया करून घ्यावी की स्वस्थ बसावे? लेकीला काय सांगावे?

या अनिश्चिततेची उकल करण्याचे काम आपल्या खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत चालते. (परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ साली येथे आली.) ती उकल जनुकाच्या आज्ञेने घडणाऱ्या प्रथिनात शोधावी लागते. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. परंतु पेशीत प्रथिने यंत्रांसारखी राबत असतात, आणि यंत्राचे काम त्याच्या घडणीवर अवलंबून असते.

१९९४ साली हाती लागलेल्या ‘बीआरसीए-१’ या जनुकाचेच पाहा. त्याचे प्रथिन म्हणजे १८६३ अमिनो आम्लांची साखळी. तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीत त्याचा मोठा वाटा असतो. पण ते एकट्याने काही करू शकत नाही. त्याच्या शेपटाकडे एक खोबण असते. फॉस्फेटची खूण ल्यालेले जोडीदार प्रथिन तीत बसले, की दुरुस्तीची चक्रे फिरू लागतात. १७७५व्या जागी मेथिओनिनऐवजी धिप्पाड आर्जिनिन आले, तर खोबणीची वाट अडते. साखळीतला एकच दुवा बदलला आणि जोडीदार दाराबाहेर!

सर्वच बदल इतके उघड नसतात. मग प्रथिनाचा तेवढा तुकडा जिवाणूंकडून घडवून घ्यायचा, शुद्ध करायचा, त्यात जोडीदाराचा अंश थेंबाथेंबाने सोडायचा आणि दोघांच्या मीलनातून निघणारी वा शोषली जाणारी उष्णता मोजायची. पकड घट्ट की सैल, हे त्यावरून कळते. अणूंच्या जागा पाहायच्या तर प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडावे लागतात. आणि स्फटिक मोठा लहरी, कित्येक आठवडे वाट पाहूनही तो धरतोच असे नाही. प्रथिनांचे आकार संगणकाने वर्तविणाऱ्यांना २०२४ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तो यथायोग्यच. तथापि एका दुव्याच्या बदलाने पकड किती ढिलावली, याचा निवाडा आजही परीक्षानळीपाशीच करावा लागतो. त्याला कुटुंबांच्या रोगेतिहासाची जोड मिळाली, म्हणजे अहवालातील शब्द बदलता येतो. आणि ज्यांचा निर्णय असा लागतो, त्यांतील बहुतेक बदल निरुपद्रवीच ठरतात.

पण हे त्या स्त्रीला कळवायचे कोणी? अहवाल देऊन चार-पाच वर्षे उलटलेली असतात, आणि तोवर तिचा पत्ताही बदललेला असतो.