आखाजीचे पंधरा दिवस



आपल्या भेटी होतात त्या बहुधा खताच्या, बियाण्याच्या आणि किडीच्या निमित्ताने. आज मी गोधडीविषयी लिहिणार आहे. कृषी विस्तार अधिकाऱ्याने गोधडीच्या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा. उन्हाळी भुईमुगाचा हिशेबही यातच आहे, आणि माझ्या हातून झालेली एक चूकही.

गोष्ट तापीकाठच्या एका गावातली आहे. २००७ साली तिथल्या एका शेतकऱ्याच्या विहिरीला चांगले पाणी लागले. जमीन मध्यम, निचऱ्याची. मी त्याला उन्हाळी भुईमूग घ्यायला सांगितले. गावात सभा घेतली, पिकाची माहिती दिली आणि बोलण्याच्या ओघात म्हणालो, "मंडळी, आता उन्हाळ्यात गावाला जाणे बंद. शेंग भरत असताना पाण्याची एक पाळी चुकली, तर हाती टरफलेच येतील. मे महिन्यात घराबाहेर पडायचे नाही." लोक हसले, मीही हसलो. २००८ साली त्याने पहिला भुईमूग केला. पीक उत्तम आले. पुढच्या दोन वर्षीही आले. मी त्याचे शेत इतरांना नेऊन दाखवीत असे.

मे २०११ मध्ये मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो मोटर पाहायला मळ्यात गेला होता. त्याच्या कारभारणीने पाणी दिले, चहा ठेवला. ओसरीवरच्या वलणीवर एक गोधडी होती. तिच्या तीन बाजू बारीक टाक्यांनी भरलेल्या आणि चौथी कोरी. मी सहज विचारले, "ताई, ही अर्धवट का राहिली?"

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "साहेब, ती बाजू माझी आहे."

२००७ च्या आखाजीला ती माहेरी गेली होती. तिच्या आईने आपली जुनी लुगडी काढून दिली आणि चौघी बालमैत्रिणींनी ती गोधडी अंथरली. एकेक बाजू एकेकीची. चार-दोन रांगा झाल्या आणि सगळ्या आपापल्या गावी परतल्या. पुढल्या आखाजीला तिघी आल्या, ही आली नाही. त्या तिघींनी आपापल्या बाजू भरल्या आणि हिची ठेवली. त्यानंतरच्या दोन वर्षीही त्या वाट पाहून गेल्या. २०१० च्या हिवाळ्यात आई वारली. दिवसकार्य झाल्यावर भावाने गोधडी बोचक्यात बांधून तिच्या हाती दिली.

"एकटीने भरायला बसले की हात चालत नाही," ती म्हणाली. "आणि जाऊ तरी कशी? मे महिन्यात घराबाहेर पडायचे नाही, हे तुम्हीच सभेत सांगितले होते ना?"

बंधूंनो, चहाचा कप माझ्या हातातच राहिला.

मैत्रिणी भेटतात त्या एकदाच

पुरुषाची मैत्री गावातच राहते. लहानपणी ज्याच्याबरोबर गुरे राखली, त्याच्याच बांधाला बांध लागून आयुष्य जाते. रोज पारावर भेट होते. बाईचे तसे नाही. एका आळीत वाढलेल्या चार मुली चार गावी पडतात. एक चोपड्याकडे, एक शिरपूरकडे, एक धुळ्याला, तर एखादी पार सुरतेला. कितीतरी खान्देशी कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेत आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

या चौघींनी एकमेकींना भेटायचे कुठे? एकीच्या सासरी दुसरी सहसा जात नाही. भेटीची जागा एकच, ती म्हणजे माहेरचे गाव. आणि वेळही एकच, ती म्हणजे आखाजी.

वैशाख शुद्ध तृतीयेला अवघा महाराष्ट्र अक्षय्य तृतीया म्हणतो. आपल्या खान्देशात ती आखाजी, लेकीबाळींचा सण. गौराई बसते, कडुनिंबाला झोके बांधले जातात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. आधीचे आठ आणि नंतरचे आठ दिवस धरले, तर पंधरवडा होतो. त्या पंधरवड्यात सगळ्या गावच्या लेकी एकाच वेळी गावात असतात.

म्हणून घरधन्याने "आत्ता काम आहे, पुढच्या महिन्यात जा" असे म्हटले, की त्याला वाटते आपण नाही म्हटलेच नाही. पण पुढच्या महिन्यात ती जाईल तेव्हा झोके सुटलेले असतात आणि मैत्रिणी परतलेल्या असतात. आईबाप भेटतील, सखी भेटणार नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. आपल्याकडे सालदाराचे साल आखाजीला संपते. हिशेब होतो, तो आपल्या घरी जातो, मग नवे साल ठरते. वर्षभर राबणाऱ्या माणसाला वर्ष संपल्याचा एक दिवस असावा, हे आपल्या वाडवडिलांना कळत होते. घरच्या बाईचे साल मात्र कधीच संपत नाही. तिला आखाजीची ती एकच वाट.

भुईमुगाचा खरा हिशेब

त्या दिवशी घरी येऊन मी भुईमुगाचे वेळापत्रक पुन्हा मांडले, आणि या वेळी प्रत्येक कामापुढे ते कोण करते, हेही लिहिले.

उन्हाळी भुईमुगाची पेरणी १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात करावी, अशी शिफारस आहे. टीएजी २४, एसबी ११ यांसारखे उपटे वाण साधारण ११० ते १२० दिवसांत निघतात. बायकांचे हात लागतात ते दोन वेळा. पहिल्यांदा खुरपणीला, म्हणजे पहिल्या दीड महिन्यात. दुसऱ्यांदा काढणीला आणि शेंगा तोडायला. मधल्या काळात आऱ्या जमिनीत शिरलेल्या असतात. तेव्हा पिकात खुरपे किंवा कोळपे घालायचेच नसते, नाहीतर आऱ्या तुटतात आणि शेंगा कमी लागतात. त्या दिवसांत पिकाला हवे असते फक्त पाणी.

आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात येते. पेरणी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात झाली असेल, तर त्या वेळी पीक तीन महिन्यांचे असते किंवा थोडे पुढे गेलेले असते. म्हणजे नेमका तोच काळ. पाणी भरायचे आणि राखण करायची, एवढेच काम. काढणी येते २० मेच्या पुढे. तोवर बाई माहेराहून परत आलेली असते.

हाच भुईमूग फेब्रुवारीच्या मध्याला पेरला, की काढणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जाते. ७-८ जूनला मृग लागतो. शेंगा ओल्या होतात, पुढच्या पेरणीची घाई होते आणि सगळे घर मेटाकुटीला येते. हा शेतकरी नेमके तेच करीत होता.

याचा अर्थ काय झाला? आखाजीला बाईला अडवून धरणारे पीक नव्हतेच. अडवीत होती ती रात्रीच्या विजेवरची पाण्याची पाळी, दोन म्हशींची धार आणि दोन वेळची भाकरी. ही तिन्ही कामे घरच्या पुरुषाला येतात, किंवा आठवडाभरात शिकता येतात. पिकाचे निमित्त मात्र मी सभेत देऊन आलो होतो.

हे सगळे मी त्या शेतकऱ्याला कागदावर दाखविले आणि माझे चुकले, असेही सांगितले. तो बराच वेळ कागद पाहत बसला. मग म्हणाला, "ती कधी बोलली नाही." मी म्हटले, "आपण दोघांनी कधी विचारले नाही."

गोधडी भरताना

आता थोडे गोधडीविषयी. अनेक घरांतून ही कला उठत चालली आहे, म्हणून तरुण मुलींसाठी मुद्दाम लिहितो. माहिती माझी नाही, मला वयस्कर बायांनी सांगितलेली आहे.

आतल्या थरांना सुतीच कापड घ्यावे. पॉलिएस्टरची साडी घाम शोषत नाही आणि सुईखाली सरकत राहते. लुगडी, धोतरे सोडा टाकलेल्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. सारवलेल्या किंवा स्वच्छ फरशीच्या जागेवर खालचे लुगडे ताणून अंथरावे. त्यावर जुन्या कापडाचे तुकडे कडेला कडा लावून, सुरकुती न ठेवता पसरावेत. शिवणीचे जाड भाग कापून काढावेत, नाहीतर ते अंगाला टोचतात. वरून दुसरे धड लुगडे घालावे, चारी काठ आत दुमडावेत आणि लांब कच्च्या टाक्यांनी सगळे थर बांधून घ्यावेत. मग काठापासून सुरुवात करून धावदोऱ्याने मध्याकडे जावे. दोन रांगांत बोटभर अंतर असावे. टाका फार ओढू नये, गोळा होतो.

एकटीला या कामाला दोन-तीन आठवडे सहज लागतात. चौघी बसल्या की चार-पाच दुपारी पुरतात. आणि त्या दुपारी जे बोलणे होते, ते इतर कुठे होत नाही. मान खाली असते, हात गुंतलेले असतात, त्यामुळे तोंडावर सांगता येत नाही तेही सांगितले जाते. कोणाचा नवरा पितो, कोणाला दिवस राहत नाहीत, कोणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, कोणाची छाती दुखते पण घरी सांगितलेले नाही. बाईने जिवाचे काही बरेवाईट करण्याआधी तिचे ऐकणारे कोणी असेल, तर बहुधा ती अशी एखादी मैत्रीणच असते. म्हणून या दुपारींना रिकामा वेळ म्हणू नका.

निघण्यापूर्वी

प्रवासाविषयी दोन शब्द. वैशाखात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो. पहाटेची पहिली एस. टी. धरावी. लहान मुलांच्या डोक्याला ओले फडके बांधावे. पाण्याबरोबर मीठ-साखरेचे पाणी वेगळ्या बाटलीत घ्यावे. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एस. टी.च्या प्रवासात महिलांना निम्मे तिकीट आहे. ७५ वर्षांपुढील वृद्धांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. तेव्हा घरात सासूबाई असतील, तर त्यांनाही त्यांच्या माहेरी धाडा. त्यांच्याही मैत्रिणी आहेत. वयाचा पुरावा म्हणून आधारकार्ड मात्र जवळ ठेवावे.

पापड, कुरडया, बिबड्या ही वाळवणे आखाजीच्या आधी उरकावीत, आणि शेजारणी मिळून करावीत. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. आठ दिवसांचे काम चार दिवसांत होते. पुरुषांनी धार काढण्याचा सराव आधीपासून ठेवावा. बाई निघाल्या दिवशी नवखा हात लागला, तर म्हैस पान्हा चोरते. हे मी त्या शेतकऱ्याच्याच अनुभवावरून सांगतो आहे. पहिले दोन दिवस त्याच्या म्हशीने अर्धेच दूध दिले.

होय, २०१२ साली ती माहेरी गेली. त्या वर्षी पेरणी जानेवारीअखेर झाली होती. रात्रीचे पाणी त्याने आणि थोरल्या मुलाने आळीपाळीने भरले. ती बोचके घेऊन एस. टी.ने निघाली. तिघींनाही निरोप गेला होता. सुरतेची मैत्रीण रेल्वेने आली. आईच्या ओसरीवर चौघी बसल्या. चौथी बाजू भरायची होती फक्त हिची, पण बाकीच्या तिघीही सुई घेऊन बसल्या. मेअखेर शेंगा वाळवून घरात आल्या, मृगाचा पाऊस त्यानंतर आला. उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा कमी नव्हते.

त्यानंतर मी भुईमुगाच्या प्रत्येक सभेत एक वाक्य वाढविले आहे. तेच इथे लिहितो. बियाणे घ्यायला निघण्यापूर्वी नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लावा. त्यात आखाजीच्या तारखेभोवती खूण करा. त्या तारखेपासून मागे मोजून पेरणीचा आठवडा ठरवा. आणि ही खूण घरातल्या बाईच्या हातून करून घ्या.