फोनच्या पलीकडचा माणूस

फेब्रुवारी १९६०. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरातला ‘टाइडलँड्स’ नाइटक्लब. मंचावर तीस वर्षांचा, टापटीप कपड्यांतला, बोलताना किंचित अडखळणारा एक माणूस. शिकागोत त्याने हिशेबनिशी केली होती, जाहिरातींचा मजकूर लिहिला होता. नाइटक्लबमध्ये मात्र तो प्रथमच उभा राहत होता, आणि त्याच प्रयोगांचे ध्वनिमुद्रण करायला वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्सची माणसे आली होती.

बॉब न्यूहार्टवर ही वेळ आली ती डॅन सॉर्किन या शिकागोच्या रेडिओ निवेदकामुळे. त्याने न्यूहार्टच्या विनोदी प्रसंगांच्या टेप वॉर्नर ब्रदर्सपर्यंत पोहोचवल्या. कंपनीला त्या आवडल्या. पुढच्या क्लबमधल्या कार्यक्रमातच रेकॉर्ड करू, असा निरोप आला. पण पुढचा कार्यक्रम असायला आधीचा तरी कुठे होता? शेवटी ह्यूस्टनचा क्लब मिळाला आणि ‘द बटन-डाउन माइंड ऑफ बॉब न्यूहार्ट’ ही तबकडी तिथे ध्वनिमुद्रित झाली.

विनोदाची तबकडी तेव्हा नवी नव्हती. विनोदकार मॉर्ट सालचा १९५५ मधला प्रयोग १९५८ साली बाजारात आला होता. शेली बर्मनने १९५९ च्या तबकडीत फोनवरची एकतर्फी संभाषणे गाजवली होती. न्यूहार्टनेही फोनच हाती घेतला, पण पलीकडे माणसे बसवली ती इतिहासातली. गेटिसबर्गच्या भाषणाआधी अब्राहम लिंकनला त्याचा प्रसिद्धी सल्लागार फोन करतो. दाढी काढू नका, भाषणातले शब्द बदलू नका, अशी त्याची विनवणी चाललेली असते. दुसऱ्या एका प्रसंगात एक धंदेवाईक गृहस्थ राइट बंधूंच्या विमानातून पैसा कसा काढता येईल याची चाचपणी करतो.

लिंकनच्या प्रसंगात खुद्द लिंकनचा एक शब्दही ऐकू येत नाही. सल्लागार थांबतो, ‘हं’ म्हणतो, जरा गांगरतो, आणि लिंकन काय म्हणाला असेल ते ऐकणारा मनातल्या मनात जुळवतो. विनोदाचा अर्धा भाग श्रोता रचतो. तबकडीला याहून सोयीचा प्रकार कोणता? चेहरा नाही, हावभाव नाहीत. आवाज आणि विराम एवढ्यावरच सारा खेळ.

हा विराम किती लांबवायचा, हे बंद स्टुडिओत ठरवता येत नाही. समोरचे हसू वर चढते, ओसरू लागते, आणि नेमक्या त्या क्षणी पुढचे वाक्य यावे लागते. लवकर आले तर हशात बुडते, उशिरा आले तर निसटते. म्हणून प्रेक्षकांचे हसू ही अशा तबकडीची शोभा नसते, तिची लय त्यावरच बेतलेली असते. घरी एकट्याने ऐकणाऱ्यालाही त्या हशामुळे सोबत मिळते.

एप्रिलमध्ये आलेली ही तबकडी ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. विनोदी तबकडीने हे स्थान प्रथमच मिळवले, आणि चौदा आठवडे राखले. १९६१ च्या ग्रॅमी या ध्वनिमुद्रणाच्या पुरस्कारांत तिला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. स्पर्धेत फ्रँक सिनात्रा आणि नॅट किंग कोल होते. सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कारही न्यूहार्टनेच पटकावला. १९५८ मध्ये सुरू होऊन धडपडत असलेल्या कंपनीला या विक्रीने मोठा आधार दिला.

यशाने एक अडचणही आणली. गायकाचे गाजलेले गाणे लोक पुन्हा पुन्हा मागतात. विनोदकाराचा किस्सा तबकडीवरून घरोघर पोहोचला की त्यातला धक्का कमी होतो. कित्येक महिन्यांत जमवलेला ऐवज एका तबकडीत खर्ची पडतो आणि लगेच नवे लिहायला बसावे लागते. न्यूहार्टने ते केले. त्याच वर्षी ‘द बटन-डाउन माइंड स्ट्राइक्स बॅक!’ आली आणि दोन्ही तबकड्या एकाच वेळी पहिल्या दोन क्रमांकांवर झळकल्या. दुसरीने विनोदी सादरीकरणाचे ग्रॅमीही मिळवले.