कोटणीसांच्या गावातून ॲनिमे पाहताना

गेल्या मे महिन्यात पुण्याहून सुट्टीला आलेल्या भाच्याला मी सोलापूरच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक दाखवायला नेलं. भाचा सातवीतला. अंगात केशरी टी-शर्ट, त्यावर नारुतो, जपानी कार्टूनचा नायक. फोटो बघता बघता त्याने विचारलं, "मामा, डॉक्टर चीनमध्ये कुणाशी लढायला गेले होते?" म्हटलं, "लढायला नाही रे, जखमींवर इलाज करायला. लढाई जपानशी चालली होती." त्याने एकदा समोरच्या फोटोकडे पाहिलं, एकदा आपल्या छातीवरच्या चित्राकडे पाहिलं आणि गप्प झाला. बाहेर आल्यावर गाडीवर बसताना म्हणाला, "पण नारुतो तर चांगला आहे ना?"

तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही. वीसेक वर्षं मी ॲनिमे, म्हणजे ही जपानी कार्टून, पाहतोय, जीव लावून पाहतोय. आणि मी सोलापूरचा आहे. या दोन गोष्टी एकमेकींसमोर मी कधी ठेवल्याच नव्हत्या.

आमच्या पिढीला ॲनिमे हा शब्दच माहीत नव्हता. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारं 'जंगल बुक' निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने १९८९ साली काढलेलं होतं, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची. त्यात परकं वाटावं असं काही नव्हतंच. पुढे डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदी बोलत घरोघरी शिरले. आता तर शहराच्या पूर्व भागातल्या माझ्या मित्राची मुलं 'डीमन स्लेयर' तेलुगूत पाहतात आणि खाली गल्लीत येऊन त्यावर मराठीत भांडतात. २०२५ च्या सप्टेंबरात 'इन्फिनिटी कॅसल' भारतातल्या थिएटरांत लागला तो जपानीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूतही. मराठीत नव्हता. ज्या गावात एका वाड्यात मराठी, तेलुगू आणि कानडी नांदतात, तिथल्या पोरांना परभाषेतली गोष्ट आपली करायला वेळ लागत नाही. पण आपल्या भाषेत ती कुणी आणत नाही याचं मला वाईट वाटतं.

मला ॲनिमेची गोडी लागली ती मारामारीमुळे नाही. गोडी लागली कारण या गोष्टी शत्रूच्या घरात जातात. आपल्याकडच्या सिनेमात खलनायक बहुधा अड्ड्यावर भेटतो, त्याला घर नसतं. नारुतोतला नागातो हा पाऊस-गावातला पोरगा. मोठ्या देशांच्या लढाया याच्या छोट्या देशात येऊन खेळल्या जातात. अन्नाच्या शोधात घरात घुसलेले सैनिक त्याच्या आईबापांना मारतात, आणि ते सैनिक नारुतोच्याच गावचे असतात. हाच नागातो मोठेपणी येऊन नारुतोचं गाव एका झटक्यात जमीनदोस्त करतो आणि विचारतो, की तुझा न्याय तो न्याय, मग माझा काय? मासाशी किशिमोतोने १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं ही गोष्ट काढली, त्यातली कितीतरी प्रकरणं पाणी घातलेल्या आमटीसारखी आहेत. साकुरासारख्या हुशार मुलीला त्याने शेकडो भाग नुसतं रडत ठेवलं, हे मी त्याला माफ केलेलं नाही. पण नागातोच्या प्रश्नाचा तो भाग मी आजही कुणालाही अभिमानाने दाखवीन. फक्त शेवटी मेलेली सगळी माणसं जिवंत होऊन उठतात, तिथे माझा रस जातो. माणसं परत आली की प्रश्नाची धारच जाते.

'डीमन स्लेयर'चंही तसंच. राक्षसाचं मुंडकं उडालं की मरता मरता त्याचं बालपण दिसतं, आणि नायक तांजिरो त्याचा हात हातात घेतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रडलो होतो. पाचव्यांदा तेच घडलं तेव्हा लक्षात आलं, की इथे दया येते ती तलवार चालवून झाल्यावर. युफोटेबल स्टुडिओची चित्रं डोळ्यांचं पारणं फेडतात, त्याबद्दल दुमत नाही. पण शत्रू धडधाकट समोर उभा असताना त्याच्याशी माणसासारखं वागणं ही खरी अवघड गोष्ट, आणि ती मी एकाच मालिकेत पूर्ण झालेली पाहिली.

ती मालिका म्हणजे 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड'. २००९-१० मधली, ६४ भागांची. मूळ गोष्ट हिरोमु आराकावा या बाईंची. त्या होक्काइदोतल्या, दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. गोष्टीत ॲमेस्ट्रिस नावाचा लष्करी देश आहे आणि त्याने चिरडून टाकलेला इश्वाल हा वाळवंटी मुलूख आहे. ज्या रॉय मस्टँगवर आणि रिझा हॉकआयवर आपण जीव टाकतो, त्यांनी स्वतःच्या हातांनी इश्वालची वस्ती जाळलेली आहे, माणसं टिपलेली आहेत. आराकावाबाई हे लपवत नाहीत आणि त्यांना सोडूनही देत नाहीत. सोलापुरात १९३० साली मार्शल लॉ लागला होता आणि त्यातून पुढे १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्मे फासावर गेले, हे आम्ही पहिलीपासून ऐकत आलो. ते आम्ही ऐकलं ते बंदुकीच्या या बाजूला उभं राहून. पलीकडच्या बाजूचा माणूस आयुष्यभर काय घेऊन जगत असेल, हे मला पहिल्यांदा या 'कार्टून'ने दाखवलं.

पण मला सांगायचंय ते डॉक्टरांबद्दल. विन्री ही गोष्टीतली तरुण मुलगी, लोखंडी हात-पाय बनवणारी कारागीर. तिचे आईवडील डॉक्टर. इश्वालच्या लढाईत ते आपल्या देशाचे असूनही शत्रूच्या जखमींवर उपचार करत तिथेच राहिले. परत या म्हटलं तरी आले नाहीत. एके दिवशी त्यांच्या दवाखान्यात एक इश्वाली तरुण शुद्धीवर येतो. भाऊ गेलेला, गाव गेलेलं, आणि डोळे उघडताच समोर दिसतात ते ॲमेस्ट्रिसचे चेहरे. त्या भरात तो त्या दोघांनाच मारतो. हाच पुढे स्कार म्हणून फिरतो. (२००३ च्या पहिल्या मालिकेत हा खून मस्टँगच्या हातून वरच्या हुकमाने होतो. मला दुसरी मांडणी अधिक खरी वाटते, कारण तिच्यात दोष ठेवायला सोयीची जागा उरत नाही.)

कितीतरी भागांनंतर विन्री आणि स्कार एका खोलीत समोरासमोर येतात. त्याच्या दंडातून रक्त वाहत असतं. ती पुढे होते, कापड घेते आणि जखम बांधू लागते. त्याला आश्चर्य वाटतं. ती त्याला स्पष्ट सांगते, की आईबाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं म्हणून मी करतेय; मी तुला माफ केलेलं नाही. संगीत वर चढत नाही, कुणी कुणाला मिठी मारत नाही. पट्टीची गाठ बसते आणि गोष्ट पुढे जाते. मी हा भाग किती वेळा पाहिला असेल, मोजलेलं नाही. दरवेळी मला आमच्या गावचा १९३८ साली बोटीने निघालेला तरुण डॉक्टर आठवतो. डॉ. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी यांच्याबरोबर गेलेला. बाकीचे परतले. तो राहिला, तिथली भाषा शिकला, तिथल्याच गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेला.

त्याच मालिकेत डॉ. नॉक्स आहे. त्याने इश्वालमध्ये जिवंत माणसांवर प्रयोग केलेत. आता तो घाणेरड्या भांड्यांच्या ढिगाऱ्यात एकटा राहतो. एका जखमी मुलीला तो वाचवतो, ती आभार मानते आणि त्याला ते सहन होत नाही. मग दुरावलेली बायको आणि मुलगा दारात येतात. मुलाला डॉक्टर व्हायचं असतं. हा कॉफी करायला आत वळतो आणि त्याचे डोळे भरून येतात. आराकावाबाईंच्या मनात काय होतं ते त्या जाणोत. मला मात्र हारबिनजवळचं जपानी सैन्याचं ७३१ वं पथक आठवलं, जिथे डॉक्टरांनी चिनी कैद्यांवर प्रयोग केले. एकाच युद्धात, एकाच देशात दोन तऱ्हेचे डॉक्टर होते. त्यातला एक भैय्या चौकातला.

इथे माझी तक्रार सुरू होते. ॲनिमे हे सगळं सांगतो ते ॲमेस्ट्रिसच्या नावाने, पाऊस-गावाच्या नावाने. 'अटॅक ऑन टायटन'मध्ये मार्लीच्या नावाने. तिथेही गाबी नावाची शत्रूची मुलगी आपल्या लाडक्या साशाला गोळी घालते, आणि साशाचा बाप हातात आलेला सुरा मुलीच्या मारेकरणीवर चालवत नाही. सगळं कसं अस्सल उतरलंय. पण जपानने जपान म्हणून चीनमध्ये काय केलं, हे सांगायची वेळ आली की हीच चित्रकार मंडळी खालच्या आवाजात बोलू लागतात.

'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज' घ्या. इसाओ ताकाहाता नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. १९८८ साली त्यांनी हा सिनेमा केला. कोबेतला चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको. चोखायच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा रिकामा होतो, त्यात पाणी घालून हलवून ती पिते. भूक डोक्यात गेल्यावर चिखलाचे गोळे करून भावाला भात म्हणून वाढते. जगात युद्धावर इतका खरा सिनेमा क्वचितच झाला असेल. पण सेइताचे वडील नौदलात अधिकारी आहेत, आणि ते नौदल कुणावर चालून गेलं होतं हे सिनेमा विचारत नाही. सेइताचा नौदलाचा ताठा त्याला नात्यातल्या बाईच्या घरातून बाहेर काढतो आणि तोच त्यांचा घात करतो, इतपत ताकाहातांनी दाखवलं. त्यापुढे ते गेले नाहीत.

मियाझाकींच्या 'द विंड राइजेस'मध्ये (२०१३) झीरो विमान बनवणारा जिरो होरिकोशी नायक आहे. स्वप्न बघणारा, सभ्य, बायकोवर प्रेम करणारा. मियाझाकींचं स्वतःचं घराणंच झीरोचे भाग बनवण्याच्या धंद्यात होतं, त्यामुळे त्यांनी हे लिहिताना हात राखून लिहिलं असं मी म्हणणार नाही. शेवटी जिरो कबूल करतो, की त्याच्या विमानांपैकी एकही परत आलं नाही. मला विचारावंसं वाटतं, की ती जिथे गेली तिथे काय झालं? झीरो पहिल्यांदा लढला तो सप्टेंबर १९४० मध्ये, चीनच्या आकाशात. त्या वर्षी कोटणीस उत्तर चीनमध्ये होते.

दोघांनी मात्र हे प्रश्न टाळले नाहीत. सहा वर्षांचे असताना हिरोशिमाचा बॉम्ब अंगावर झेललेल्या केइजी नाकाझावांनी १९७३ पासून 'बेअरफूट गेन' काढलं. त्यातला बाप युद्धाला विरोध करतो म्हणून शेजारीपाजारी त्याला देशद्रोही ठरवतात, आणि मदतीला येतो तो शेजारचा कोरियन माणूस. पुढच्या भागांत जपानी सैन्याच्या अत्याचारांची चित्रं आहेत. त्यांच्यावरूनच मात्सुए शहरात २०१२ साली हे पुस्तक शाळांच्या कपाटाबाहेर पडू दिलं नव्हतं. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ती बंदी उठली.

दुसरा 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड', २०१६ चा, सुनाओ काताबुचींचा. सुझू ही चित्रं काढणारी साधी सून. बॉम्बमध्ये तिचा उजवा हात आणि नणंदेची चिमुरडी दोन्ही जातात. १५ ऑगस्ट १९४५ ला रेडिओवर सम्राटाचा शरणागतीचा आवाज येतो, आणि ही शांत बाई बाहेर धावत जाऊन जमिनीवर कोसळून रडते. तेवढ्यात दूर घरांच्या छपरांमधून कोरियाचा झेंडा वर जाताना दिसतो. क्षणभरच. मग तिच्या लक्षात येतं, की आपण समुद्रापलीकडून आणलेल्या तांदळावर आणि सोयाबीनवर पोसलो. वाढलेल्या ताटातला भात कुणाचा होता, हे एका गृहिणीला कळतं. नावगाव घेऊन कबुली देणं म्हणजे काय, ते या एका दृश्यात आहे. दृश्य अगदी छोटं आहे. हा सिनेमा मी 'फायरफ्लाईज'च्याही वर ठेवतो.

भाच्याला मी नंतर फोन करून सांगितलं, की नारुतो चांगला आहे. तो शत्रूचं ऐकून घेतो म्हणून चांगला आहे. त्याला काढणाऱ्यांच्या देशाने मात्र ते ऐकायला फार उशीर केला, आणि अजून पुरतं ऐकलेलं नाही. त्याने विचारलं, "मग कोटणीसांवर ॲनिमे का नाही?" व्ही. शांतारामांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' केला, स्वतः कोटणीस झाले, तो मी त्याला दाखवणार आहे. पण त्याला हवी आहेत चित्रं.

म्हणून सोलापुरात वहीच्या मागच्या पानांवर 'अटॅक ऑन टायटन'चा एरेन आणि तांजिरो काढत बसणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. तुमचा हात बसलेला आहे, तो मी पाहिलाय. एकदा भैय्या चौकात जाऊन या आणि कोटणीसांची गोष्ट चित्रांत काढा, मराठीत. तिच्यात एक जखमी जपानी सैनिक असू द्या. त्याच्या खिशात बहिणीसाठी घेतलेला गोळ्यांचा डबा असू द्या, त्याचं गाव आणि घर दाखवा, आणि त्या गावात शिजणारा तांदूळ कुठून आला तेही दाखवा. त्या सैनिकाला डॉक्टरांच्या टेबलावर आणा. पुढे काय होतं ते तुम्ही ठरवा.